मामांना बोलायचं कसं? एका नव्या शिफ्ट सुपरवायझरचा प्रश्न

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला. मेकॅनिकल डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, लागलो. यंदा शिफ्ट सुपरवायझर केलं. हाताखाली वडिलांच्या वयाचे, गावाकडचे मामा-काका आहेत, तशीच गोकाक-बैलहोंगलकडची कन्नड बोलणारी पोरं. कुणाला काही बोलायचं म्हटलं की शब्द घशात अडकतात, शेवटी मीच काम उरकतो. माझ्यात लीडरशिप नाही. राजीनामा देऊन एमबीए करू का?

उत्तर : राजीनाम्याचं नंतर बघू. तुमच्या पत्रातली मधलीच एक हकीकत मला जास्त महत्त्वाची वाटते. एक मामा दर तासाला जॉबचं बोअर, म्हणजे मशीनवर बनलेल्या भागातलं भोक, मोजत नाहीत. शिफ्ट सुटताना चेकशीट एका दमात भरून टाकतात. तुम्हाला ते दिसतं, पण बोलायचं टाळून तुम्ही घरी जायच्या वेळी गेज घेऊन अख्खा ट्रे तपासत बसता. गेजची नो-गो बाजू, म्हणजे भोकात शिरायला नको ती, आत गेली की जॉब भंगारात, कारण मोठं झालेलं बोअर पुन्हा लहान होत नाही. म्हणजे तुमची तपासणी नुकसान मोजते, थांबवत नाही. आणि हेच गोकाकच्या पोरानं केलं तेव्हा तुम्ही त्याला सगळ्यांदेखत झापलंत!

ही भित्रेपणाची गोष्ट नाही. मोठ्या माणसांच्या मनाचीही टप्प्याटप्प्यानं वाढ होते, असं रॉबर्ट केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८२ पासून मांडलं आहे. एका टप्प्यावर माणूस स्वतःला 'आपल्या माणसांच्या' नजरेतून जोखतो. मामा नाराज झाले की आपणच वाईट ठरलो, असं त्याला वाटतं. पुढच्या टप्प्यावरही नाराजी लागते, पण काय करायचं हे ती ठरवत नाही. नुसतं वय वाढलं म्हणून हा टप्पा येत नाही. साठीतले मालकही मागच्याच टप्प्यावर असू शकतात. त्या टप्प्याला कमी लेखू नका. गावात लग्नकार्य निघालं की एकमेकांची शिफ्ट ओढणारी माणसं याच मनाची असतात. अडचण सुपरवायझर झाल्यावर येते, कारण 'आपली माणसं' म्हटली की बाकीचे आपोआप परके होतात. पोरांना ते न सांगता कळतं.

'मीच करतो' ही सवय वेगळी. डेव्हिड रूक आणि विल्यम टॉर्बर्ट या नेतृत्वाच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये व्यवस्थापकांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात 'तज्ज्ञ' हाच सर्वांत मोठा गट होता, ३८ टक्के. हाताला कसब असलेल्या माणसाला दुसऱ्याचं काम सहसा पसंत पडत नाही. चांगल्या ऑपरेटरला बढती दिली की हे होतंच.

केगन आणि त्यांच्या सहकारी लिसा लेही यांची एक रीत करून बघा. कागदावर चार रकाने पाडा. काय हवंय : मामांनी दर तासाला मोजावं. त्याच्या उलट मी काय करतो : गप्प बसतो, स्वतः मोजतो. तसं नाही केलं तर कशाची भीती : गावात 'पोरगं शेफारलं' म्हणतील. आणि चौथा रकाना, ज्यावर हे सगळं उभं आहे : मोठ्या माणसाला काम सांगणं म्हणजे त्याचा अपमान. हा चौथा रकाना खरा आहे की नाही, तेवढंच तपासायचं.

चहाच्या सुट्टीत मामांना बाजूला घ्या. "मामा, आठवडाभर दर तासाला एक जॉब आपण दोघं मिळून मोजूया," एवढंच म्हणा. जमलं तर त्यांनाच नव्या पोरांना गेज धरायला शिकवू द्या. मामा कदाचित रुसतील. रुसू देत, आठवडा पूर्ण करा. गोकाकच्या पोरालाही तोच नियम लावा, त्याच सुरात, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये का होईना. त्याला सगळ्यांदेखत झापलंत, तेव्हा नियम आता सगळ्यांना सारखा आहे हेही सगळ्यांदेखतच सांगा.

आता एमबीए. नुसत्या डिप्लोमावर ते होत नाही, आधी पदवी लागते. कर्नाटकात डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन बीईच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो; पदवी घ्यायचीच असेल तर तो विचार जरूर करा. पण मामांशी बोलता यावं म्हणून एमबीए करू नका. त्या वर्गात मामा नसतात. वर्षभर ही शिफ्ट सांभाळा, मग ठरवा.