आधी सिगारेट सोडू की आधी टर्म प्लॅन घेऊ?

अंबडला कंपनीत शिफ्टमधे काम करणाऱ्या एका दादांनी विचारलंय. वय 34, मुलगी चार वर्षांची, दिवसाला 8 सिगारेटी. एक कोटीचा टर्म प्लॅन (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे मिळतात असा साधा आयुर्विमा) घ्यायचाय पण स्मोकर म्हणून प्रीमियम खूप जास्त येतोय, एजंट म्हणतो फॉर्मवर 'नाही' लिहून टाका, बायको म्हणते आधी सोडा मग घ्या, आणि दादा म्हणतात सोडावंसं वाटतं पण दोन दिवसाच्या वर टिकत नाही.

दादा, प्लॅन आत्ताच घ्या आणि खरं लिहूनच घ्या. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे 3 वर्षं झाली की कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही, एजंट बहुतेक त्याच भरवशावर बोलतोय, पण त्या 3 वर्षांच्या आत तुम्हाला काही झालं तर लपवलेली सिगारेट दाखवून क्लेम नाकारता येतो, आणि तेव्हा कंपनीशी भांडायला वहिनी एकट्या असतील. शिवाय मेडिकलमधे लघवीत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासतात, त्यात निकोटिन घेतलेलं कळतंच (निकोटिनची च्युइंगम चघळत असाल तरी येतं बरं का). सोडल्यावर घेऊ म्हणून थांबलात तर तेवढे दिवस मुलीच्या डोक्यावर काहीच छत्र नाही. साधारण पूर्ण एक वर्ष तंबाखू बंद राहिली की बऱ्याच कंपन्या नॉन-स्मोकर धरतात, काही जास्तही मागतात, तेव्हा नवा प्लॅन काढा आणि तो हातात आल्यावरच जुना बंद करा. मधल्या काळातला जादा प्रीमियम जाईल, जाऊ द्या.

आता सोडायच्या इच्छेचं. एक सिगारेट 20 रुपये धरली तर रोजचे 160, महिन्याचे 4800. 10 टक्क्यांनी 15 वर्षं एसआयपी केली, म्हणजे दर महिन्याला तेवढे म्युच्युअल फंडात टाकले, तर साधारण 20 लाख होतात (10 टक्के हा अंदाज आहे, गॅरंटी नाही). पण हा आकडा ऐकून कुणी सिगारेट सोडल्याचं मी तरी पाहिलं नाही, कारण तलफ आत्ता येते आणि 20 लाख पंधरा वर्षांनी.

मला पटलेला प्रयोग फिलिपिन्सचा आहे, 2010 साली तो छापून आला. तिथल्या एका बँकेनं सिगारेट ओढणाऱ्यांना बिनव्याजी खातं दिलं, सहा महिने स्वतःचेच पैसे भरायचे, मग लघवीची तपासणी, पास झालात तर पैसे परत, नापास तर सगळे दानात. ज्यांना हे खातं देऊ केलं त्यांच्यात सोडणारे जास्त निघाले, आणि वर्षानं अचानक तपासलं तरी तो फरक टिकलेला होता.

तेच घरी करा. रोज रात्री 160 वहिनींच्या खात्यात टाका, ज्या दिवशी ओढली त्या दिवशी सुद्धा. सहा महिन्यांनी साधारण 29 हजार होतील. लॅबमधे कोटिनिन तपासा, निगेटिव्ह आलं तर ते मुलीच्या नावावर, नाहीतर तुम्हाला नको असलेल्या कामाला देऊन टाकायचे, हे आजच कागदावर लिहा आणि सही करा. मधे एखादी ओढली गेली तर खातं मोडू नका, दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा सुरू. पहिला आठवडा सगळ्यात जड जातो, तेवढे दिवस कंपनीच्या गेटवरच्या टपरीवर चहाला जाऊच नका, आणि 1800-11-2356 ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे, फुकट आहे, आज शिफ्ट सुटल्यावर तिथे फोन लावा.