वाचकांचे प्रश्न : रोस्ताल आणि घसरणाऱ्या खुंट्या

प्रश्न : मॅक्स रोस्ताल व्हायोलिनवादक म्हणून मोठे की शिक्षक म्हणून? आमच्या क्लासमध्ये दोन्ही बाजूंनी वाद चालतो. (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : वाजवत उत्तमच, पण नाव टिकलं ते शिष्यांमुळे. जन्म १९०५ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या टेशेन गावी. व्हिएन्नात आर्नोल्ड रोझे आणि बर्लिनला कार्ल फ्लेश, असे दोन तालेवार गुरू लाभले. १९३० पासून बर्लिनमध्ये प्राध्यापक होते. ज्यू म्हणून १९३३ ला नोकरी गेली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लंडन गाठलं.

तिथं त्यांच्याकडे नॉर्बर्ट ब्रेनिन, सिग्मुंड निसेल आणि पीटर शिडलोफ शिकायला आले. तिघेही ऑस्ट्रियातून पळून आलेले ज्यू. युद्धात ब्रिटिशांनी त्यांना ‘शत्रुदेशाचे नागरिक’ ठरवून छावण्यांत डांबलं होतं. ओळखी जुळल्या त्या तिथंच. रोस्ताल यांनी त्यांना फी न घेता शिकवलं. तिघांच्याही हातात व्हायोलिन, म्हणून शिडलोफ व्हायोलाकडे, म्हणजे व्हायोलिनहून थोड्या मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्याकडे वळले. सेलोवर, म्हणजे आणखी मोठ्या, बसून वाजवायच्या वाद्यावर, मार्टिन लव्हेट आले. हीच अमाडेउस चौकडी. १० जानेवारी १९४८ ला लंडनच्या विगमोर हॉलमध्ये या नावानं पहिली मैफल झाली, आणि १९८७ मध्ये शिडलोफ वारले तोवर एकही माणूस बदलला नाही. तिघांचे गज एकाच गुरूच्या वळणाचे. आमच्या मते वादाचा निकाल इथंच लागतो. रोस्ताल पुढं कोलोन आणि बर्नमध्येही शिकवत राहिले.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये व्हायोलिनच्या खुंट्या घसरतात. खडू लावू का?

उत्तर : आधी तार कशी गुंडाळली आहे ते बघा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, आणि निमुळती खुंटी भोकात सैल पडते. शेवटचे वेढे खुंटीच्या जाड टोकाकडे, खुंट्यांच्या खोबणीच्या भिंतीला टेकतील असे घ्या. ताण वाढला की खुंटी आतच ओढली जाते. फिरवताना ती आत दाबत राहा. एवढं करूनही घसरली, तर खडूची एकच पुसट रेघ ओढा. जास्त खडूनं भोक झिजतं. तारा एकेक करूनच काढा. चारही एकदम उतरवल्या तर ब्रिज (तारांखालची घोडी) पडतो, साउंडपोस्टही (आतला आधाराचा लाकडी दांडा) निसटू शकतो, आणि तो बसवणं घरचं काम नाही.

व्हायोलिन ठेवायच्या पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा, रोज ओला करा. वाद्य कूलरच्या झोतात नको, उन्हातल्या गाडीत तर मुळीच नको. सरस मऊ होऊन सांधे सुटतात. पावसाळ्यात उलटं, खुंट्या फुगून अडकतात. तेव्हा स्पंज काढा, खुंटी जिथं घासते तिथं कोरडा साबण किंचित चोळा. पक्कड लावू नका, खुंटी मोडते.