अमेरिकेतल्या लॉ प्रोफेसरांचे लेख न्यायाधीश खरंच वाचतात का?

सगळे नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीच 2011 मध्ये अशा लेखांची थट्टा केली होती: तत्त्वज्ञ कांट आणि अठराव्या शतकातला बल्गेरिया, असले विषय वकिलाच्या काय कामाचे!

पण एखादा लेख बरोबर घाव घालतो. शिकागोचे प्रोफेसर विल्यम बॉड यांनी 2015 मध्ये ‘शॅडो डॉकेट’ हा शब्द आणला. म्हणजे पूर्ण सुनावणी न घेता, बरेचदा कारणंही न देता निघणारे सुप्रीम कोर्टाचे आदेश. 2021 मध्ये टेक्सासच्या गर्भपात कायद्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती केगन यांनी भिन्नमतात तोच शब्द वापरला. न्यायमूर्ती अलिटो त्याच महिन्यात भाषणात या शब्दावर जाम उखडले. पोलिसांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून मिळणाऱ्या संरक्षणावरचा, म्हणजे ‘क्वालिफाइड इम्युनिटी’वरचा, बॉड यांचाच लेख न्यायमूर्ती थॉमस यांनी 2020 मध्ये उद्धृत केला.

गंमत म्हणजे लॉ जर्नलमध्ये छापायला हे लेख निवडतात ते बहुतेक लॉचे विद्यार्थीच! प्रोफेसर एकच लेख एकाच वेळी डझनावारी जर्नलना पाठवतात. लहान जर्नलचा होकार आला की लगेच मोठ्यांना मेल: ‘चार दिवसांत कळवा.’ आपल्याकडे लग्नाची स्थळं बघताना चालतं, अगदी तसंच.