साठ दिवस उलटले, आता भावाचं अपील होईल का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणायचा. 2021 साली आमच्या गल्लीतल्या एकाचा खून झाला, त्यात त्याला धरलं. तेव्हापासून तो आतच आहे. तीन महिन्यांपूर्वी सोलापूरच्या सत्र न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. मारताना कुणी पाहिलेलं नाही. आदल्या रात्री दोघं पानटपरीवर एकत्र होते असं एकानं सांगितलं आणि भावाच्या शर्टावर रक्त निघालं, एवढ्यावर शिक्षा झाली. आता त्याला येरवड्याला नेलंय. वडील नाहीत, मी विड्या वळते. एक जण म्हणतो, साठ दिवसांची मुदत गेली, आता काही होत नाही. दुसरा म्हणतो, दीड लाख द्या, मुंबईत जामीन करून देतो. तिसरा म्हणतो, अपील केलं तर फाशीसुद्धा होईल. तो पानटपरीवरचा साक्षीदार परवा आईजवळ येऊन रडला, म्हणाला, सांगितलं तसं बोललो. त्याच्याकडून स्टँपपेपरवर लिहून घेऊ का? दिवाळीला भाऊ घरी येईल का?
– एक बहीण, सोलापूर (नाव राखून ठेवले आहे)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी त्या साक्षीदाराचं सांगते, कारण त्यात घाई झाली तर नुकसान तुमचंच आहे. त्याच्याकडून काहीही लिहून घेऊ नका. त्याच्या घरी जाऊ नका, आईलाही जाऊ देऊ नका. त्यानं कोर्टात शपथेवर एक सांगितलं आणि आता स्टँपपेपरवर दुसरं सांगितलं, तर खोटी साक्ष दिल्याचा ठपका त्याच्यावर येईल आणि साक्षीदार फोडल्याचा संशय तुमच्यावर. अपिलात नवा पुरावा घ्यायचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, पण तो क्वचितच वापरला जातो, आणि शिक्षा झाल्यावर साक्षीदार फिरला एवढ्यानं तर नाहीच. आईजवळ तो जे बोलला ते तुमच्या वकिलांच्या कानावर घाला. पुढचं काय ते त्यांना ठरवू द्या.

आता मुदत. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील करायला 60 दिवस असतात. फाशीची शिक्षा असेल तर 30. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. तरीही उशीर झाला तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यायचा आणि कारण खरं खरं लिहायचं : भाऊ तुरुंगात, त्याला दुसऱ्या गावी हलवलं, घरात कमावतं माणूस नाही, चुकीचा सल्ला मिळाला. तुमचा उशीर धरून चालला तरी महिनाभराचा आहे. जन्मठेपेच्या कैद्याचं पहिलं अपील एवढ्या उशिरावर परत गेल्याचं पंचवीस वर्षांच्या फौजदारी वकिलीत माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून आणखी महिना घालवा असं मात्र नाही.

एका पक्षकाराचे वडील माझ्याकडे आले होते. मुलाला निकालाच्या दिवशीच निकालपत्राची फुकट नक्कल मिळाली होती, त्यानं अंगठा देऊन ती घेतली होती. वाचता येत नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीत, दोन बनियनांच्या घडीत ती चार वर्षं तशीच राहिली. घरचे समजत होते वकिलांनी अपील केलंय, वकील समजत होते घरच्यांनी दुसरा वकील दिलाय. पिशवी माझ्या टेबलावर आली तेव्हा कागदांना ओल्या कपड्यांचा वास होता आणि कोर्टाचा शिक्का पुसट झाला होता. चार वर्षांचा उशीर माफ झाला, अपील दाखल झालं. पण ती चार वर्षं मुलाला कुणी परत दिली नाहीत. त्या दिवसापासून शिक्षा झालेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते : निकालपत्र कुठं आहे?

ही फुकट नक्कल कुणाची मेहेरबानी नाही. 1978 साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की कैद्याला निकालाची नक्कल विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि ज्याला वकील देणं परवडत नाही त्याला अपिलासाठी सरकारी खर्चानं वकील मिळाला पाहिजे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल. त्या खटल्यातल्या कैद्यापर्यंतही निकालाची नक्कल काही वर्षांनी पोचली होती.

म्हणून दीड लाखवाल्याला हात जोडून वाटेला लावा. जामीन ‘करून देणारा’ माणूस कोर्टात नसतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं अर्ज लिहायलाही मदत करतात. भावाला तुरुंगातूनही अपील करता येतं : अर्ज आणि निकालाची नक्कल तुरुंगाधिकाऱ्यांकडे द्यायची, पुढं पाठवायचं काम त्यांचं. यालाच जेल अपील म्हणतात. मोफत मिळालेला वकील म्हणजे हलका वकील, ही समजूत मी गावोगाव ऐकते आणि मला तिचा राग येतो. जन्मठेपेची अपिलं नेटानं लढवणारे असे वकील मी पाहिलेत.

मुंबईलाही जायचं नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. भाऊ पुण्यात येरवड्याला असला तरी शिक्षा सोलापूरच्या कोर्टानं दिलीय, म्हणून अपील कोल्हापुरात. आधी आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर जायचो, दिवसभर कोर्टात थांबायचो आणि ‘पुढची तारीख’ एवढं ऐकून परतायचो. पक्षकाराची मजुरी बुडायची ती वेगळीच. या बेंचसाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशकांहून जास्त काळ आंदोलन केलं. कशासाठी, ते तुमच्यासारखं पत्र आलं की समजतं.

फाशीची भीती मनातून काढा. आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं किंवा न्यायालयाला तशी नोटीस काढून आरोपीचं ऐकून घ्यावं लागतं.

आता खरा मुद्दा. अपिलात खटला नव्यानं चालत नाही. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत, भावालाही उभं करत नाहीत. दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ कागद वाचतं : साक्षी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, निकाल. पण तो सगळा पुरावा त्यांना स्वतःच्या नजरेनं पुन्हा तपासता येतो. हक्कानं होणारं असं अपील तुमच्या भावाला हे एकदाच आहे. यापुढं सर्वोच्च न्यायालयात जायचं तर आधी परवानगी मागावी लागते. म्हणून कोल्हापुरात मांडणी नीट झाली पाहिजे.

तुमच्या भावाचा खटला परिस्थितीजन्य पुराव्याचा आहे, म्हणजे मारताना पाहिलेला साक्षीदार नाही, आजूबाजूच्या गोष्टी जोडून गुन्हा सिद्ध केलेला. त्याची कसोटी शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1984 च्या निकालात आहे. तो खटला पुण्याचा होता. दुवे एकमेकांत असे अडकलेले हवेत की आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यताच उरू नये, हे त्यात सांगितलंय. तेव्हा निकालपत्र हातात घेऊन वकिलांना विचारा : पानटपरीवर दोघं दिसले ते किती वाजता, आणि प्रेत सापडलं किती वाजता? मधे आठ-दहा तास गेले असतील तर तेवढ्यात तिसरा कुणी येऊ शकत होता. शर्ट जप्त झाला त्याच दिवशी पाकिटाला लाखेचं सील लागलं होतं का? पंच फितूर झाला का? सीए रिपोर्टमध्ये (रासायनिक तपासणीच्या अहवालात) रक्ताचा गट मयताचा आला, की नुसतं ‘मानवी रक्त’ एवढंच? आणि भावाचा 313 चा जबाब बघा, म्हणजे साक्षी संपल्यावर पुराव्याबद्दल न्यायाधीश आरोपीला विचारतात तो. शर्टावरच्या रक्ताबद्दल न्यायाधीशांनी त्याला तिथं विचारलंच नसेल, तर तो मुद्दा त्याच्याविरुद्ध धरता येत नाही. हेही सारडांच्याच निकालात आहे. तुम्ही लिहिलेल्या दोन ओळींवरून शिक्षा टिकेल की नाही हे मी सांगू शकत नाही. ते कागदांत आहे.

दिवाळीचं वचन मी देणार नाही. अपिलाबरोबर शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज करायचा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 389, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 430). जन्मठेपेत सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, त्यामुळं लगेच हुकूम होत नाही. दोषी ठरल्यावर जामीन आधीपेक्षा अवघडही होतो. तरी भाऊ चार वर्षांहून जास्त काळ आत आहे, आणि अपील लवकर ऐकता येणार नसेल तर माणसाला तोवर आत ठेवणं न्यायाचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये कश्मिरासिंग यांच्या प्रकरणात म्हटलंय. अर्जात हा मुद्दा येऊ द्या. पहिला अर्ज फेटाळला गेला तर खचू नका. काही काळानं पुन्हा करता येतो.

येरवड्याला पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा भावाला आधी निकालपत्राचं विचारा. त्याच्याजवळ नसेल तर इथल्या कोर्टाच्या नक्कल विभागात त्याच आठवड्यात अर्ज टाका, आणि अर्जाच्या पावतीवरची तारीख जपून ठेवा.