पाटी मिळाली, पण बरणी गेली

प्रश्न: मुलाकडे मेलबर्नला आलेय सहा महिन्यांसाठी. मला दमा आहे, म्हणून सूनबाईच्या ओळखीतल्या चिनी वैद्यांकडे गेले होते, भिंतभर लाकडी खण नि तराजूत साली-काड्या तोलून देतात. म्हणाले, यावर खरं औषध माहुआंग, पण मला ते द्यायची परवानगी नाही. एवढं शिकलेल्या माणसाचे हात सरकारने का बांधायचे? आणि माझी भाची बीएएमएस आहे, तिला इथे नोंदणी मिळेल का?

उत्तर: ताई, वैद्य खरं बोलले. माहुआंग या चिनी वनौषधीत इफेड्रिन असतं, त्याने श्वास मोकळा होतो पण बीपी आणि ठोकेही वाढतात, वर त्याच इफेड्रिनपासून मेथ नावाचं नशेचं ड्रग बनवतात, म्हणून तिथे ते शेड्यूल ४ मध्ये टाकलंय. म्हणजे ॲलोपॅथीच्या डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि त्या डॉक्टरला बहुतेक वेळा माहुआंग कशाशी खातात हेही माहीत नसतं! गंमत बघा, याच सरकारने जुलै २०१२ पासून चिनी वैद्यांना देशभर नोंदणी दिली (व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, तर कायदा २००० चाच), नोंदणी नसताना कुणी स्वतःला चिनी वैद्य म्हणवलं तर गुन्हा. त्यांची चिडचिड मला तरी पटते.

पण कायदेवाले उगाच घाबरत नाहीत हो. १९९० च्या आसपास ब्रुसेल्सला वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये फांगजी नावाची वनस्पती द्यायचे, तिच्या जागी नावात साम्य असलेली ग्वांग फांगजी आली, त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड, कित्येक बायकांच्या किडन्या गेल्या. तिथे औषध देणारे चिनी वैद्य नव्हतेच, बेल्जियमचे डॉक्टर होते, पण निस्तरावं लागलं जगभरच्या चिनी वैद्यांना. आपल्याकडे तरी वेगळं काय, विषारी बचनाग असलेल्या आयुर्वेदिक औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापावंच लागतं.

भाचीचं म्हणाल तर नाही. नोंदणीच्या यादीत चिनी वैद्यक आहे, आयुर्वेद नाही. साडेपाच वर्षं घासून मिळवलेली डिग्री, तिला जड जाईल हे ऐकायला, पण तिकीट काढायच्या आधीच सांगा.

तुमचे वैद्य नोंदणीकृत आहेत का ते आप्राच्या (तिथल्या नोंदणी संस्थेच्या) साइटवर नाव टाकून सूनबाईंना बघायला सांगा. पुड्यांमध्ये काय काय आहे ते लिहून घ्या, बीपीची गोळी चालू असेल तर त्यांना सांगा, आणि इनहेलर मात्र आपल्या मनाने बंद करू नका.