केबलचं नेट लिनक्सवर चालत नाही असं केबलवाले म्हणतात, खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय, की जुना पीसी घेतला, त्यावर लिनक्स मिंट टाकलं, केबलवाल्यांची वायर थेट त्यात लावली. वायर जोडलेली दिसते, पण एकही साइट उघडत नाही आणि ते म्हणतात, "विंडोज टाका, लिनक्सवर आमचं नेट चालत नाही."

चालतं. मी जुळे सोलापुरात राहतो, घरी लिनक्सच वापरतो, ओळखीच्यांना जोडूनही देतो. केबलवाल्यांवर चिडू नका. जोडणीला येणाऱ्या पोराला विंडोजमधल्या ठरावीक पायऱ्या शिकवलेल्या असतात, मिंटचा स्क्रीन दिसला की तो अडतो. वायरीच्या पलीकडच्या यंत्राला तुमच्याकडे काय टाकलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं.

त्यांना एवढंच विचारा: "दादा, तुमचं कनेक्शन पीपीपीओई आहे का? माझा युजरनेम-पासवर्ड काय?" पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून नेट सुरू करायची पद्धत. आधी विंडोजवर 'ब्रॉडबँड कनेक्शन'च्या छोट्या खिडकीत पासवर्ड टाकावा लागत असेल, तर ते पीपीपीओईच. मिंटमध्ये 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडा, खालचं अधिकचं चिन्ह दाबा, यादीतून 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा. 'डीएसएल' वाचून थबकू नका, केबलवाल्यांच्या वायरीलाही हेच लागतं. युजरनेम, पासवर्ड भरा, 'सर्व्हिस' रिकामं ठेवा, सेव्ह करा आणि खालच्या पट्टीतल्या नेटवर्कच्या चिन्हावरून ते कनेक्शन सुरू करा. युजरनेममध्ये लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी हवीत, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

यानंतर काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, असं झालं तर एमटीयू, म्हणजे एका खेपेत जाणाऱ्या डेटाचा जास्तीत जास्त आकार, बघा. साध्या इथरनेटवर तो १५०० बाइट असतो. पीपीपीओईचे ८ बाइट त्यातूनच जातात, म्हणून १४९२ भरा.

पासवर्ड लागतच नसेल, तर मॅक पत्त्याचा, म्हणजे मशीनच्या लॅन कार्डाच्या ओळख क्रमांकाचा, प्रश्न असू शकतो. बरेच केबलवाले पहिल्यांदा जोडलेल्या मशीनचा मॅक नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्या मशीनला दारातच अडवतात. त्याच पीसीवर विंडोज काढून लिनक्स टाकलं तर मॅक बदलत नाही, तो लॅन कार्डाचा असतो. तुमचा पीसी मात्र केबलवाल्यांसाठी नवा, म्हणून त्यांना सांगा, "मॅक रिसेट करा." ते दाद देत नसतील, तर आधी जोडलेल्या मशीनचा मॅक मिंटच्या वायर्ड कनेक्शनमध्ये 'क्लोन्ड मॅक ॲड्रेस'पुढे टाका. टीव्हीसारखी जाड गोल वायर मोडेममध्ये येत असेल, तर आधी मोडेमची वीज काढून थोड्या वेळाने परत लावा. केबल मोडेमही पहिलं मशीन लक्षात ठेवतो.

एवढं करूनही रडत असेल, तर गच्चीवर जाऊन वायर बघा. आपल्याकडच्या उन्हात वायरीचं आवरण तडकतं, मग पावसाळ्यात जोडात पाणी शिरतं. लॅनच्या पिनेची प्लास्टिकची खिटी मोडलेली असेल तर पीन नुसती टेकून राहते, धक्का लागला की नेट जातं. पीन बदलून घ्या.

माझं मत विचाराल तर मध्ये एक साधा राउटर लावा आणि युजरनेम-पासवर्ड त्यातच भरून टाका. मग मिंटमध्ये काहीच भरावं लागत नाही, घरातल्या मोबाइललाही नेट मिळतं. फक्त राउटर लावला की मॅक पुन्हा बदलतो, त्यामुळे तेव्हा केबलवाल्यांना आणखी एक फोन करावा लागेल.