हॉटेल विकताय? तोंडाला आधी आवर घाला

पहिल्यांदाच विकताय, म्हणून दोन-तीन गोष्टीच सांगतो. म्हापशातलं माझं छोटं हॉटेल विकलं तेव्हा घेणाऱ्याने विचारलं, "महिन्याला किती सुटतात?" मी डिसेंबरचा आकडा फेकला. जुलैत तिथे माश्या मारत बसायचो, ते गिळलं. वकिलाने वेळीच कान उपटले: आकडा खरा असला तरी अर्धवट सांगून गैरसमज करून देणं हीसुद्धा दिशाभूलच. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे घेणारा व्यवहार रद्द करू शकतो, भरपाईही मागू शकतो. मुद्दाम फसवलं असेल तर फौजदारी वेगळी.

म्हणून:
- बाराही महिन्यांचा गल्ला लेखी द्या, जीएसटी रिटर्नशी जुळवून.
- थकबाकी, भाडेकरार, चालू दावे आधीच सांगा. "जसं आहे तसं" लिहून खोटं झाकलं जात नाही.
- "बारचा परवाना आपोआप तुमच्या नावावर होतो" असलं काही बोलू नका. ते अबकारी खातं ठरवतं.

नवशिके घसरतात ते व्हॉट्सॲपवर. "टेन्शन नाही, सगळं क्लिअर" हा मेसेज पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. दलालालाही हेच बजावा. तुमच्या वतीने तो जे बोलतो ते बहुतेकदा तुमच्याच गळ्यात पडतं.

करारातली बारीक कलमं नंतर बघू. आधी ती जुलैची वही शोधा.